क्षमावाणीची पाकिटं

भाद्रपद अर्धा सरत आला की आमच्या सांगलीतल्या बायकांना कात्री सापडते. वर्षभर ती कुठल्या खणाच्या तळाशी पडलेली असते कोण जाणे, पण या दिवसांत बरोबर वर येते, आणि तिच्यामागून चमकी, टिकल्या, लेस, रंगीत पट्ट्या आणि डिंकाच्या बाटल्या अशी सगळी वरात निघते. परवा मोबाइलवर निरोप आलाच. 'सर्व भगिनींना सस्नेह जय जिनेंद्र. यंदाही क्षमावाणीनिमित्त हस्तनिर्मित कार्ड व पाकीट सजावट कार्यशाळा. येताना कात्री, डिंक आणि हसरा चेहरा आणावा.' खाली जोडलेल्या हातांची बारा चित्रं. मी निरोप दोनदा वाचला आणि मोबाइल पालथा घातला. क्षमा मागायला निघालेल्या माणसानं हसरा चेहरा कशाला न्यायचा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस, रोज एका गुणाचा. क्षमा, मार्दव, आर्जव, सत्य असे एकेक करत दहा. अनंत चतुर्दशीला पर्व संपतं आणि मग येते क्षमावाणी. लहानथोरांनी एकमेकांसमोर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, वर्षभरात ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागायची, आणि ज्याच्याकडे मागितली त्यानं ती द्यायची. पुढचे आठ-पंधरा दिवस हेच चालतं. लांबच्यांना पत्रं जातात. आधी पोस्टकार्डं होती, मग छापील कार्डं आली, आता हातानं केलेली कार्डं आणि त्यांच्याहून नटवलेली पाकिटं. कार्ड आत असतं, ते ज्याच्या नावाचं तो एकटाच बघणार. पाकीट मात्र पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे बघतात. म्हणून सगळा जोर पाकिटावर.

माझ्या लहानपणी कडेगावकडच्या आमच्या खेड्यात पाकीट नव्हतं आणि कार्डही नव्हतं. आमचे अण्णा त्या दिवशी सकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, निघाले की घरी यायच्या आधी शेताकडे वळायचे. शेजारच्या रानाचा मालक आमच्यातला नव्हता, त्याला क्षमावाणी म्हणजे काय हे अण्णांमुळेच ठाऊक झालेलं. एके वर्षी मी अण्णांच्या मागोमाग गेले होते. त्यांनी बांधावर चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "औंदा तुझं पाटाचं पाणी मी दोनदा माझ्याकडं वळवलं. माफी कर गड्या." तो माणूस वैरणीचा भारा बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "दोनदा न्हाई, तीनदा." अण्णांनी बोटं मोजली. "व्हय. तीनदा," म्हणाले. मग दोघं खाली बसले आणि ऊस किती वाढला यावर बोलू लागले. मला तेव्हा अण्णांची लाज वाटली होती. आता कार्यशाळेच्या सभागृहातल्या त्या चमकीकडे बघताना कोणाची लाज वाटते ते सांगायला नको.

कारण आमच्या कार्डांवर पाणी वळवल्याचं कोणी लिहीत नाही. आमच्या कार्डांवर असतं 'कळत-नकळत'. 'कळत-नकळत आमच्याकडून आपले मन दुखावले गेले असल्यास उत्तम क्षमा.' काय सोयीचा शब्द आहे! कळत केलेलं सगळं नकळतच्या पदराखाली जाऊन बसतं. आणि 'असल्यास'? म्हणजे दुखावलं गेलं की नाही याचीही शंकाच. शिवाय 'दुखावले गेले', कोणी दुखावलं याचा पत्ता नाही. वाऱ्यानं दार आपटावं तसं ते आपोआप झालं. असं एक वाक्य दीडशे वेळा उतरवायचं, त्याभोवती कमळं काढायची आणि दीडशे पाकिटांत घालायचं. आणि ती पाकिटं जातात कोणाला? साहेबांना. डॉक्टरांना. मुलाच्या सासरच्यांना, पुण्यातल्या व्याह्यांना, ज्यांच्याशी आयुष्यात एकदा लग्नात बोललो त्यांना. ज्यांच्याशी कधी भांडण झालेलं नाही अशांची यादी करण्यात आमच्या बायका पटाईत. ज्या जावेशी सहा वर्षं बोलणं बंद आहे ती खालच्या मजल्यावर राहते, तिच्या दारावरून ही पाकिटं पोस्टात जातात.

हे सगळं मी इतक्या अधिकारानं बोलते त्याचं कारण, चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मीही त्या सभागृहात बसले होते. नुसती बसले नव्हते, पाटावर बसवल्यासारखी मधोमध बसले होते. माझा हात चांगला आहे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर बेडकाचं हृदय आणि जास्वंदीचा छेद काढून काढून रेघ अशी बसली की आजही पट्टीशिवाय सरळ येते. "त्रिशलाकाकू आल्याशिवाय सुरुवात करायची न्हाई," असं बायका म्हणायच्या, आणि मी नाक मुरडत का होईना, जायचे. नाक मुरडत जाण्यातही एक सुख असतं. आपण यांच्यातले नाही असं दाखवत यांच्यात मिरवता येतं.

तो भाद्रपद फार दमट होता. कृष्णेला पाणी होतं, ऊन पडलं की अंगाला चिकटायचं, आणि ढग आले की तसंच चिकटायचं. डिंक वाळायला तयार नव्हता. पाकिटांच्या कडा वर वळायच्या, त्यावर पाट्या ठेवाव्या लागत. गल्लीतल्या गणपतीचा कर्णा दुपारपासून सुरू, त्यातून आमच्या बायकांचं बोलणं. उपवासाचा तोंडाला येणारा तो आंबूस वास, गाळून उकळलेल्या पाण्याचे तांबे, भिजलेल्या सतरंजीचा वास. मधूनच कोणीतरी ओरडायचं, "आवं, मुंगी! डिंकात मुंगी चिकटली!" मग सगळं काम थांबायचं. सुईच्या टोकानं मुंगी सोडवायची, तिचे पाय पुसायचे, तिला खिडकीत नेऊन सोडायचं. ती चालली की बायका टाळ्या वाजवायच्या. मुंगीवर इतकी माया, आणि त्याच तोंडानं लगेच कोणाच्या तरी सुनेचा उद्धार. मी मान खाली घालून मोरपीस रंगवत राहायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांना गुण द्यायचे. कोणी पस्तीसच्या वर गेली नाही.

माझ्या पुढ्यातल्या यादीत शेवटचं नाव राजमतीचं होतं. राजमती माझी धाकटी बहीण. कडेगावात दिलेली. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण मी होते.

काय झालं ते सरळ सांगते, 'कळत-नकळत' न करता. राजमतीची मुलगी श्वेता, हिला कोरेगावच्या एका घरचं स्थळ आलं होतं. मुलगा साताऱ्याला नोकरीला. पसंती झाली होती, बैठक तेवढी ठरायची होती. मुलाची मावशी माझ्या ओळखीची. तिनं मला फोन केला. "तुम्ही शिक्षिका, तुम्ही खोटं बोलणार नाही. मुलगी कशी आहे?" या एका वाक्यानं मी फुगले. श्वेता हुशार आहे, गुणी आहे, कामाला वाघ आहे, सगळं सांगितलं. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, म्हटलं, "लहानपणी तिला फिट यायची. सातव्या वर्षानंतर कधी आली नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगते." कोरेगावकडून 'कळवतो' असं आलं, आणि नंतर काहीच आलं नाही.

राजमतीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आक्का, बैठकीत आमी सोताच सांगनार हुतो. डॉक्टरचा कागद घिऊन. श्वेतानंच तसं ठरवलं हुतं. तुला सांगायचंच हुतं तर आदी मला इचारायचंस." मी म्हटलं, "मी खोटं बोलले का?" ती म्हणाली, "न्हाई. खरंच बोललीस." आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते की मी खरं बोलले. दशलक्षणात सत्याचा दिवस आला की बस्तीत मी ताठ मानेनं बसायचे. मार्दवाचा, म्हणजे नम्रतेचा, दिवस त्याच्या आधीच येऊन गेलेला असतो, याकडे माझं लक्ष नव्हतं.

त्या वर्षी कोण जाणे काय झालं, मी यादीत तिचं नाव घातलं. आणि तिच्या पाकिटावर तीन दिवस काढले. एवढी मोठी मी, घरात सगळ्यांवर डाफरणारी, आणि त्या पाकिटासाठी कागद दोन दुकानांतून निवडून आणला. फिक्या हळदी रंगाचा. कडेनं जुन्या काठपदराची नक्षी, कोपऱ्यात मोर, त्याच्या पिसाऱ्यात एकेक डोळा तीन रंगांचा. पर्वात फुलं-पानं तोडायची नाहीत म्हणून पानं कागदाची, शिरा सुईनं उठवलेल्या. आमचे हे एकदा डोकावून म्हणाले, "आत काय लिहिलंस?" मी म्हटलं, "सगळे लिहितात तेच." ते म्हणाले, "मग एवढं कशाला?" मी मोराचा पुढचा डोळा रंगवायला घेतला. पण एवढं कशाला हे मला पुरतं ठाऊक होतं. आतलं जितकं पोकळ, तितकं वरून भरावं लागतं. बडा घर पोकळ वासा.

चौथ्या दिवशी लाख आली.

आमच्या महिला मंडळाची चिटणीस प्रीती. तिशीची, नवी नवी उत्साही सून, तिला कशाचाही कंटाळा नाही आणि कशाचीही माहिती नाही, असं माझं तेव्हाचं मत. तिनं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं की राजेरजवाड्यांच्या पत्रांना लाखेची मोहोर असायची. मग काय विचारता! गणपती पेठेत जाऊन पार्सलला लावतात त्या लाखेच्या लाल कांड्या आणल्या, कमळ कोरलेला पितळी शिक्का करून आणला, मेणबत्त्या लावल्या. लाख वितळवायची, पाकिटाच्या पाठीवर थेंब पाडायचा, त्यावर शिक्का. लाल थेंबात कमळ उमटलं की बायका "आई गं!" म्हणून कौतुकानं माना वेळावायच्या. सभागृहभर लाखेचा उग्र वास पसरला. तो वास येताक्षणी मला सगळं कळलं होतं.

मी विज्ञान शिकवलंय. लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. बारीक किडे फांदीवर बसतात, स्वतःभोवती कवच करतात, त्या कवचात त्यांची पिल्लं वाढतात. त्या फांद्या तोडून, खरवडून लाख काढतात, आणि किडे त्यातच मरतात. सातवीच्या वर्गात हे मी दरवर्षी शिकवायचे. म्हणजे काय चाललं होतं बघा. सुईनं मुंगी सोडवणाऱ्या बायका जीवमात्राची क्षमा मागायची पाकिटं मेलेल्या किड्यांच्या घरानं बंद करत होत्या. इतका अस्सल विनोद मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि तो मला लवकर संपवायचा नव्हता.

मी गप्प बसले. पहिलं पाकीट झालं, दहावं झालं, पन्नासावं झालं. प्रीती माझ्याकडे आली, "काकू, तुमच्या पाकिटाला लावू?" मी म्हटलं, "नको गं, माझं साधंच बरं." दुपार उलटली. दीडशेच्या वर मोहरा झाल्या, पाकिटं ओळीनं सतरंजीवर मांडली, फोटो काढायला सगळ्याजणी मागे उभ्या राहिल्या. तेव्हा मी चष्मा पुसला आणि वर्गात विचारतात त्या आवाजात विचारलं, "प्रीती, लाख कशापासून करतात गं?"

"झाडाच्या डिंकापासून ना, काकू?"

मग मी तो धडा शिकवला. पूर्ण. फांदीपासून खरवडण्यापर्यंत. एका म्हातारीनं हातातलं पाकीट असं टाकलं, जणू विंचू असावा. कोणी कानाला हात लावले, कोणी तोंडातल्या तोंडात णमोकार मंत्र म्हणायला लागली. नंतर सगळ्याजणी सुऱ्या घेऊन बसल्या आणि मोहरा खरवडू लागल्या. लाख निघताना कागदही निघत होता. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर ढोपर खरचटल्यासारखा तांबडा ओरखडा राहिला. मी माझं हळदी पाकीट पिशवीत घातलं. मनातून मला इतकं गार वाटत होतं की काय सांगू.

हात धुवायला मागच्या नळावर गेले तर तिथं प्रीती. डोळे लाल, नखांत लाख. मला बघून तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "काकू, तुम्हास्नी आदीपास्नं ठाऊक हुतं?"

"होय," मी म्हटलं.

"म्हणूनच तुमच्या पाकिटाला लावू दिली न्हाईसा." तिनं नखातली लाख खरवडली. "मग पैल्याच पाकिटाला का सांगितलं न्हाईसा?"

मी म्हणाले, "मी खोटं बोलले का?"

माझ्याच तोंडून आलेलं ते वाक्य ऐकून मी नळ वाहता ठेवून उभी राहिले. हे मी आधीही म्हटलं होतं. शब्द तेच, आवाजही तोच. प्रीतीनं नळ बंद केला, पाणी वाया जाऊ नये म्हणून, आणि ती गेली.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांना गुण देत आले. त्या दिवशी घरी चालत येताना स्वतःला द्यायला लागले आणि भोपळ्याच्या वर जाता येईना. मला खरं बोलायला आवडत नाही. मला खरं बोलून माणूस पडलेला बघायला आवडतं. कोरेगावच्या त्या बाईनं 'तुम्ही खोटं बोलणार नाही' म्हटलं तेव्हा राजमतीच्या घरातला आनंद माझ्या डोळ्यांसमोर होता. तिची मुलगी साताऱ्याच्या नोकरदाराला जाणार, आणि राजमतीनं मला आधी न विचारता ठरवलं होतं. तेवढं सहन झालं नाही मला. फिट नंतर आठवली. खोटं नव्हतं हे खरं, पण सत्य म्हणून मिरवण्याच्या लायकीचंही नव्हतं. हे मला तीन वर्षं कळत होतं. नकळत काही नव्हतं.

एवढं कळल्यावर माणसानं काय करावं? मी दुसऱ्या दिवशी ते पाकीट, आत तेच छापाचं वाक्य, तसंच्या तसं पोस्टात टाकलं. पाकीट फार सुंदर झालं होतं, फाडून नवं करवेना. याहून मोठी शरमेची गोष्ट माझ्याकडे सांगायला नाही.

आठवड्यानं राजमतीचं पत्र आलं. वापरलेलं पाकीट उलटं करून, आतली बाजू बाहेर काढून, खळीनं चिकटवलेलं. अण्णांची सवय ती. आत वहीचा अर्धा कागद. अक्षर तसंच, आडव्या रेघेला लोंबकळणारं. मला तो पाठ आहे. 'आक्कास, उत्तम क्षमा. गेल्या साली तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तू तीन म्हैने पडून हुतीस असं कळलं, तवा मला बरं वाटलं. लय बरं वाटलं. कुणाला बोलले न्हाई. त्याची क्षमा कर. पाकीट सुरेख हाय. राजमती.'

मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात बसले. दूध उतू गेलं, ते पुसलं नाही. जिचं मी वाटोळं केलं ती माझी क्षमा मागत होती, आणि तीही नेमकं काय आणि कधी ते सांगून, जशी मागायला हवी तशी. माझ्या मोराच्या पिसाऱ्यात अठ्ठावीस डोळे होते. तिच्या अर्ध्या कागदापुढे त्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी एस्टीत बसले. विट्याच्या पुढं पाऊस लागला, खिडकीची काच पुरती लागत नव्हती, उजवा खांदा भिजला. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर गेलेला. राजमती ओसरीवर डाळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही, सूप बाजूला केलं नाही. मी चपला काढून उभ्याउभ्या म्हटलं, "राजू, मी कळून केलं. तुझ्या पोरीचं चांगलं चाललेलं मला बघवलं नाही. म्हणून सांगितलं."

ती बराच वेळ डाळच निवडत होती. मग म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं. पन तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं." मग आम्ही दोघी रडलो. दोन म्हाताऱ्या बायका सुपावर वाकून रडतायत हे दृश्य काही बघण्यासारखं नसतं, पण रडलो. तिनं पाणी आणलं, मी प्यायले, तिनं गुडघा कसा आहे विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, झालं. सुटले मी.

तेवढ्यात श्वेता आली. विट्याला एका तपासणी केंद्रात रक्त तपासायचं काम करते, त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. दारात छत्री मिटली, आम्हा दोघींचे चेहरे बघितले. राजमती हसून म्हणाली, "मावशीनं क्षमा मागितली गं. मी दिली."

श्वेता छत्री झटकत होती ती थांबली. "तू दिलीस?" तिनं आईला विचारलं. "लगीन माझं मोडलं आन् क्षमा तू दिऊन टाकलीस?"

 मला एकदम दिसलं की पाकीट राजमतीला होतं, पत्र मला होतं, रडणं आम्हा दोघींचं होतं. तीन वर्षांत श्वेताच्या नावाचं एक पोस्टकार्डसुद्धा कोणी लिहिलं नव्हतं. ती माझ्यासाठी 'राजमतीची मुलगी' होती, तिच्याबाबतीतला गुन्हा मी तिच्या आईकडे जमा करून मोकळी झाले होते. मी हात जोडले आणि म्हटलं, "श्वेता, बाळा, मी..."

"मागू नको, मावशी." तिचा आवाज चढलेला नव्हता. "हे क्षमावाणीचे दिस हायत. आत्ता मागितलीस तर मला दिली म्हणावं लागतंय. ह्या घरात ह्या दिसांत कुणी न्हाई म्हणत न्हाई. आई म्हणंल, बस्तीतल्या बायका म्हणतील, मावशी एवढी लांबनं आली. मग माझ्या मनात असू दे नसू दे." तिनं छत्री कोपऱ्यात उभी केली. "न्हाई म्हणता येतं अशा दिशी ये."

आणि ती आत जाऊन जेवायला बसली.

मी सांगलीला परत आले. आजवर इतकी प्रवचनं ऐकली, इतके पंडित ऐकले, पण मागणाऱ्यानं मागणं हासुद्धा एक जुलूम होऊ शकतो हे कोणी सांगितलं नव्हतं. ते विट्याला रक्त तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं. तेव्हापासून भाद्रपदातली ही दीडशे पाकिटं दिसली की मला दीडशे माणसं दिसतात. त्यांच्या हातात चमकी लागलेलं काहीतरी ठेवलेलं आहे आणि त्यांना 'दिली' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. त्यातल्या कितींना म्हणायचं नव्हतं, याची यादी कोणी करत नाही.

प्रीतीकडे मात्र मी त्याच आठवड्यात गेले. ती म्हणाली, "जाऊ दे वो काकू." तिनं चहा केला. पण तिनं ते मनापासून म्हटलं की मी वयानं मोठी म्हणून म्हटलं, ते आजही मला ठाऊक नाही. परवाचा हसऱ्या चेहऱ्याचा निरोपही तिचाच आहे. मी तिला कळवलं की येणार नाही, आणि डिंकाची बाटली पोहोचवली. कार्यशाळेवरचं माझं मत तिला सांगितलं नाही. विचारलं तर सांगेन.

श्वेताकडे मी मार्गशीर्षात गेले. कसला सण नाही, उपवास नाही, साधा मंगळवार. मुद्दाम राजमती बाजारला जाते ती वेळ धरून. श्वेता दोरीवरचे कपडे काढत होती. मी काय केलं ते पुन्हा, पहिल्यापासून, तिच्यासमोर सांगितलं. फोन कोणाचा आला, मी काय बोलले, का बोलले. मग क्षमा मागितली. तिनं ओढणीची घडी घातली, आईच्या लुगड्याची घातली. विचार करत होती, खरंच करत होती, मला दिसत होतं. कपड्यांकडे बघतच म्हणाली, "न्हाई, मावशी. अजून न्हाई." मी बरं म्हटलं. तिनं विचारलं, "चहा घेनार?" मी घेतला. परत येताना एस्टीत माझ्या लक्षात आलं की मला वाईट वाटलेलं नाही.

तिचं पुढं लग्न झालं की नाही, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. तो तिथंच ठेवा. त्या एका प्रश्नापायीच हे सगळं झालं.

दरवर्षी एकदा मी जाते. वर्षातला कुठलाही एक बिनमहत्त्वाचा दिवस. हात रिकामे. पाकीट नाही, फळं नाहीत, काही नाही. दुसऱ्या वर्षी 'न्हाई' म्हणताना ती भांडी लावत होती. तिसऱ्या वर्षी मोबाइलवर कोणाचा तरी अहवाल बघत होती. यंदा चैत्रात गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा विचारलं, "त्या बाईनं फिटचं इचारलं नव्हतं, व्हय ना?" मी म्हटलं, "नव्हतं विचारलं."  मग ती म्हणाली, "न्हाई." पण हे 'न्हाई' तिनं माझ्याकडे बघून म्हटलं.